बोटीवरचा मुलगा आजारी होऊन परतला तर



३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्ही पंचनाम्याला फिरत होतो. काहींनी वाट मोकळी करायची म्हणून आम्ही पोचण्याआधीच पडलेली झाडे तोडून सरपणाला लावली होती. नुकसान खरे, पण मोजायला झाडच नाही. कागदावर लिहायचे काय?

तीच गत पुढे एका ओळखीच्या घरी पाहिली. आंब्यावरचा तुडतुडा बघायला गेलो होतो. पडवीत चहा घेताना घरधनी म्हणाले, "साहेब, धाकट्याचे कागद जरा बघता का?" धाकटा बोटीवर इंजिनखात्यात. जड भाग उचलताना त्याची कंबर धरली. तक्रार केली तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, या भीतीने त्याने कप्तानाला सांगितले नाही. गोळ्या खाऊन पंधरा दिवस काम ओढले आणि शेवटी 'स्वतःच्या इच्छेने उतरतो' अशा कागदावर सही करून घरी आला. ऑपरेशनसाठी हापूसची कलमे पाच वर्षांच्या कराराने दुसऱ्याला द्यावी लागली. कंपनीचे उत्तर आले, आमच्याकडे दुखण्याची नोंद नाही.

मी शेतीखात्याचा माणूस, बोटीतले मला काय कळणार! पण करारपत्र वाचले, मुंबईतल्या जाणकारांना विचारले. आपल्या रायगड-रत्नागिरीकडची कितीतरी घरे बोटीच्या पगारावर उभी आहेत, म्हणून कळले ते सांगतो.

सागरी कामगारांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ साली मान्य केला. नोकरीच्या काळात खलाशी आजारी पडला किंवा जखमी झाला, तर औषधपाणी व घरी पोचवणे मालकाकडे. बोटीवर असेपर्यंत पूर्ण पगार मिळतो. घरी आल्यावर बरा होईपर्यंत पूर्ण किंवा काही पगार मिळतो; या पगाराला आणि उपचाराच्या खर्चाला कायद्याने मुदत घालता येते, पण ती १६ आठवड्यांहून कमी नसावी. मात्र भरतीच्या वेळी जुने दुखणे मुद्दाम लपवले असेल, तर हा हक्क जाऊ शकतो. तेव्हा वैद्यकीय तपासणीत खोटे बोलू नका. आपल्या मच्छीमार होड्यांना हा करार लागू नाही, हेही ध्यानात ठेवा.

कायमच्या अपंगत्वाची भरपाई हा वेगळा विषय. दुखणे कामामुळे झाले हे तिथे दाखवावे लागते, आणि रक्कम मुलाच्या करारपत्रात किंवा युनियनच्या करारात ठरलेली असते. ही भरपाई देण्याची ऐपत मालकाकडे आहे, असा विम्याचा दाखला परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या बोटींवर दिसेल असा लावावा लागतो. २०१७ पासूनचा हा नियम. मुलाला सांगा, चढल्याबरोबर त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरी पाठव. ठरल्यापेक्षा कमी रक्कम घ्या म्हणून दबाव आणायलाही करारात मनाई आहे. 'सर्व हिशेब मिटला' असे लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका.

खरी मेख नोंदीत आहे. दुखले त्याच दिवशी कप्तानाला सांगून बोटीच्या नोंदवहीत लिहून घ्यावे. बंदरात डॉक्टर दाखवला तर त्याच्या कागदाची प्रत घ्यावी. उतरताना कारण 'वैद्यकीय' असेच लिहिले पाहिजे. घरी आल्यावर आधी गावचा वैद्य आणि मग कंपनी, असा उलटा क्रम नको. फिलिपाईन्सच्या खलाशांच्या ठरीव करारात तर उतरल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कंपनीच्या डॉक्टरपुढे हजर व्हावे लागते. आपल्या मुलाच्या करारात काय मुदत आहे, ते तो जाण्याआधीच वाचून घ्या. करारपत्राची एक प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. (आमच्याकडे सातबाराच सापडत नाही, असे म्हणणारेही भेटतात!)

भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना नसेल, तर दावा कोणावर करायचा हेच कळत नाही. नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे मुळातच मना आहे. लाखाची मागणी झाली, की ओळखा.

त्या धाकट्याच्या मोबाईलमध्ये सोबतच्या खलाशाला पाठवलेले निरोप सापडले. कंबर धरली आहे, जिना चढवत नाही, असे त्यात लिहिले आहे आणि तारीखही आहे. बंदरात घेतलेल्या गोळ्यांची पावतीही जुन्या पँटच्या खिशात निघाली. ते घेऊन बापलेक मुंबईला युनियनच्या कचेरीत जाऊन आले. वकिलाने कागद ठेवून घेतले आहेत. त्या सोबत्याची लेखी साक्ष मागवली आहे. तो सध्या बोटीवर आहे, उतरायला अजून दोन महिने आहेत.