खेळाच्या साहित्याची घरांतील जागा

मृगाची पहिली सर कोसळली कीं मैदानें ओस पडतात आणि मैदानावरचें सगळें साहित्य घरांत येतें. एक दोन बॅटी, स्टंपांचा जुडगा, पायांना बांधावयाचे पॅड, हवा गेलेला फूटबॉल, तारा ढिल्या झालेली रॅकेट, आणि गेल्या दिवाळींत मोठ्या हौसेनें आणलेलीं डंबेल्स. तें कोणी दाराआड टेकवितें, कोणी पलंगाखालीं लोटतें, कोणी माळ्यावर टाकून देतें. पुढें चार महिने तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. मग दसरा येतो, स्वच्छ ऊन पडतें, मुलें उत्साहानें बॅट बाहेर काढतात. आणि पाहतात तों तिचा तळ फुगून चिरलेला, पॅडांवर पांढरट बुरशी चढलेली आणि बुटांचा तळवा सुटलेला! तीं सारीं पुन्हां विकत घेण्याजोगी स्थिति प्रत्येक घरीं असतेच असें नाहीं. मोडतें ती वस्तु; परंतु पुष्कळदां बंद पडतो तो त्या मुलाचा अगर मुलीचा खेळ.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्यें ही अडचण विशेष तीव्रतेनें भासते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, आणि त्या महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ती हीच. कारखान्यांच्या पाठोपाठ कामगार आले आणि किसननगर, श्रीनगर यांसारख्या दाट वस्त्या आसपास वाढल्या. पुढें कित्येक कारखाने बंद पडले, कित्येक अन्यत्र गेले, त्यांच्या जागीं कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु लहान खोल्यांचे संसार आजही येथें आहेत. ज्या खोलींत स्वयंपाक, अभ्यास आणि निजणें हीं तिन्ही कामें आळीपाळीनें चालतात, त्या खोलींत खेळाच्या साहित्यासाठीं स्वतंत्र दालन राखण्याचा उपदेश करणें म्हणजे उपाशी माणसास पक्वान्नांची यादी वाचून दाखविण्यासारखें आहे. येथें प्रश्न निराळाच आहे. घरांतील कोणती वीतभर जागा या साहित्यास द्यावी, आणि ती दिल्यावर तें तेथें सुरक्षित कसें राहावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं साहित्याचा खरा शत्रु कोण हें ओळखलें पाहिजे. खेळतांना झीज होते ती थोडी आणि हळूहळू होते. नाश करतो तो दमटपणा. ठाण्यास वर्षाकांठीं सुमारें २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस येऊरचे डोंगर. त्यांमुळें पाऊस थांबला तरी हवा कोरडी होत नाहीं. अशा हवेंत लाकूड पाणी शोषून फुगतें, चामड्यास बुरशी येते, लोखंड गंजतें आणि डिंकानें चिकटविलेले सांधे सुटतात. त्यांतही वाऱ्यानिशीं येणाऱ्या पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो. म्हणून इमारतीच्या दक्षिण व पश्चिम बाजूंच्या बाहेरील भिंतींना ओल लवकर येते. घरांतील साहित्याची जागा ठरवितांना पहिला नियम यांतूनच निघतो. साहित्य आंतील भिंतीशीं ठेवावें, बाहेरील भिंतीस टेकवूं नये. आणि जमिनीवर तर मुळींच ठेवूं नये.

दुसरा विचार मापाचा. जागा नाहीं अशी तक्रार करणाऱ्यानें एकदां मोजपट्टी हातीं घ्यावी. खेळांच्या नियमांनींच त्याचें अर्धें काम करून ठेविलें आहे. क्रिकेटची बॅट ९६.५२ सेंटिमीटरांहून, म्हणजे ३८ इंचांहून, लांब असूं शकत नाहीं. हॉकीच्या काठीची मर्यादा १०५ सेंटिमीटर, तर बॅडमिंटनच्या रॅकेटची ६८ सेंटिमीटर. मोठ्या फूटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे त्याचा व्यास सुमारें २२ सेंटिमीटर भरतो. बास्केटबॉल त्याहून दोन तीन सेंटिमीटर मोठा. याचा अर्थ असा, कीं ११० सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल एवढ्या जागेंत एका कुटुंबाच्या बॅटी, काठ्या, रॅकेटी आणि एक दोन मोठे चेंडू सहज मावतात. कपाट आणि भिंत यांमधील जो कोपरा रिकाम्या पिशव्या कोंबण्यास वापरला जातो, तो पुष्कळदां एवढाच असतो. त्यांत खालीं जमिनीपासून चार बोटें उंच लाकडी फळी, वर चार खुंट्या आणि चेंडूंसाठीं टांगलेली जाळीची पिशवी, एवढी व्यवस्था पुरते. तेथें दार मात्र लावूं नये. बंद पेटीपेक्षां वारा खेळणारा उघडा कोपरा आपल्या हवेंत अधिक हितकर होय.

आतां एकेका साहित्याचा स्वभाव पाहूं लागल्यास असें दिसतें, कीं ज्यास जें मानवतें तें दुसऱ्यास मानवतेंच असें नाहीं.

क्रिकेटची बॅट विलोच्या लाकडाची असते. तें हलकें व सच्छिद्र असल्यानें तळाशीं उघड्या असलेल्या धाग्यांतून पाणी झपाट्यानें वर चढतें. ओल्या फरशीवर उभी केलेली बॅट म्हणूनच तळाकडून फुगते. तिच्यावर चिकट आवरण लावलेलें नसेल, तर पावसाळ्यापूर्वीं दर्शनी भागास, कडांना आणि तळास कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा, ती रात्रभर आडवी ठेवावी, आणि सकाळीं उरलेलें तेल पुसून घ्यावें. मुठीस व मुठीच्या सांध्यास तेल लागूं देऊं नये. तेथील डिंक त्यानें सैल होतो. तेल जास्त झालें कीं बॅट जड होते आणि तिची उसळी मंदावते. व्यायामशाळेंतील मल्लखांबास एरंडेल चोळतात, तेव्हां लाकूड तेलावर राहतें हें महाराष्ट्रास नवें नाहीं. मात्र मल्लखांबाचें एरंडेल मुख्यतः अंगाचें घर्षण कमी करण्यासाठीं असतें, आणि बॅटीचें तेल ओल दूर ठेवण्यासाठीं असतें, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

कॅरमबोर्ड हा पावसाळ्यांतील घरोघरचा खेळ, आणि जागेच्या दृष्टीनें सर्वांत मोठा अडथळा. त्याचा खेळावयाचा भागच ७४ सेंटिमीटर चौरस. चौकट धरल्यास तो आणखी वाढतो. तो तिरपा टेकवून ठेवला कीं स्वतःच्या वजनानें वांकतो, आणि एकदां वांकलेल्या बोर्डावर सोंगटी सरळ जात नाहीं. त्यास आंतील भिंतीवर दोन भक्कम खुंट्यांवर सरळ उभा टांगावा, गुळगुळीत बाजू भिंतीकडे असावी, आणि मागें बोटभर पोकळी राहावी. बोर्डावर घालावयाची भुकटी बोरिक ॲसिडची असल्यास ती पोटांत जाणें घातक आहे. ती घट्ट झांकणाच्या डब्यांत, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. पिठामिठाच्या डब्यांशेजारीं तर तिला कधींच थारा देऊं नये.

चामडें आणि कापड यांचा शत्रु बाहेरील पाऊस नसून आंतील घाम होय. सामना संपला कीं हातमोजे, पॅड आणि बूट एकाच पिशवींत कोंबून ती पिशवी पलंगाखालीं जाते, आणि तेथेंच बुरशी धरते. घरीं आल्याबरोबर पिशवी पूर्ण रिकामी करावी, प्रत्येक वस्तु सावलींत वाऱ्यावर पसरावी. कडक उन्हांत चामडें तडकतें, आणि शेगडीजवळ तर बुटांचा डिंकच वितळतो. बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. कागद ओल शोषून घेतो. ते बोळे भिजले कीं बदलावेत, नाहींतर ओल तेथल्या तेथेंच राहते.

फूटबॉल, व्हॉलीबॉल यांसारखे चेंडू दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास त्यांतील हवा थोडी कमी करावी. गच्च भरलेला चेंडू उन्हाच्या तापानें आंतून ताणला जातो, आणि पूर्ण रिकामा केलेला चेंडू घड्या पडून चिरतो. गल्लींतील क्रिकेटसाठीं वापरला जाणारा टेनिसचा चेंडू मात्र सांठवून ठेवण्याची वस्तु नव्हे. एकदां डबा उघडला कीं रबरांतून आंतील हवा हळूहळू निसटत राहते आणि न खेळतांही चेंडू मऊ पडतो. म्हणून तो लागेल तसाच आणावा.

बॅडमिंटनचें फूल या सर्वांत नाजुक. पक्ष्याच्या सोळा पिसांच्या त्या फुलाचें वजन साडेपांच ग्रॅमांहून अधिक नसतें. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत पिसें ठिसूळ होऊन तुटतात, आणि पावसाळ्यांत तीं ओल धरून जड होतात. फुलें आपल्या नळींतच, झांकण लावून, उभीं ठेवावींत. रॅकेटीस उष्णतेचें भय अधिक. तापलेल्या खिडकीशीं वा गाडीच्या डिकींत ती राहिली कीं तारांचा ताण उतरतो. लाकडी रॅकेटींच्या काळीं त्या वांकूं नयेत म्हणून चार स्क्रूंच्या चौकटींत आवळून ठेवीत. आतां ती चौकट गेली, तरी रॅकेटीवर दुसरें ओझें ठेवूं नये हा तिचा धडा कायम आहे.

लोखंडाचें साहित्य, म्हणजे डंबेल्स, वजनाच्या चकत्या, लेझिमीची सांखळी, हें कोरड्या फडक्यानें पुसून त्यावर यंत्राच्या तेलाचा पातळ थर द्यावा. वागळे इस्टेटच्या कामगारास हें कोणी शिकवावयास नको. वापरण्यापूर्वीं मात्र तें तेल नीट पुसून काढावें; निसटत्या हातानें वजन उचलणें धोक्याचें असतें.

किंबहुना साहित्य जागच्या जागीं कसें ठेवावें याचा उत्तम धडा कारखान्यानेंच देऊन ठेविला आहे. यंत्रशाळेंत हत्यारांची खोली असते, तिला टूलरूम म्हणतात. व्यवस्थित टूलरूममध्यें भिंतीवरील फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृति रंगविलेली असते. पाना काढला कीं त्याच्या जागीं त्याची रिकामी छाया दिसते. पितळी बिल्ल्यांची पद्धतही कारखान्यांत जुनी आहे. कामगार हत्यार घेऊन जातो आणि त्या खुंटीवर आपल्या क्रमांकाचा बिल्ला अडकवितो. हत्यार कोठें गेलें हें विचारावें लागत नाहीं. बिल्लाच उत्तर देतो. हीच रीत घरांत आणण्यास खर्च कोणता? भिंतीवर खडूनें बॅटीची आणि रॅकेटीची आकृति काढावी, मुलांच्या नांवांचे पुठ्ठ्याचे बिल्ले करावेत. आईनें दहादां ओरडून जें होत नाहीं, तें ती रिकामी आकृति मुकाट्यानें करून घेते. मुलास एकदां सवय लागली, कीं बॅट शेजारच्या मित्रास दिली तरी खुंटीवर त्याच्या नांवाचा बिल्ला राहतो, आणि भांडणाचें मूळच नाहींसें होतें.

जागा निवडतांना जिवाचाही विचार हवा. जड वस्तु खालीं आणि हलकी वर, हा नियम कधींही मोडूं नये. माळ्यावरून निसटलेलें डंबेल खालीं निजलेल्या लेंकरावर पडणें ही कल्पनाही असह्य आहे. जड वजनें जमिनीलगतच्या फळीवर, घरंगळणार नाहींत अशीं अडकवून ठेवावींत. दुसरी वाईट संवय सामाईक जिन्यावर आणि गॅलरींत सामान ठेवण्याची. घरांत अडचण नको म्हणून सायकल, जाळें, स्टंप बाहेर ठेवले जातात. परंतु आग लागली असतां तोच जिना सर्व बिऱ्हाडांची सुटकेची एकमेव वाट असतो. अंधारांत त्या वाटेवर पडलेला एक चेंडूसुद्धां अनर्थ करूं शकतो.

यावर कोणी म्हणेल, कीं एवढें करूनही कांहीं वस्तु खोलींत मावणारच नाहींत. तें खरें आहे. परंतु प्रत्येक वस्तु प्रत्येक घरांत असावी असा नियम तरी कोठें आहे? व्हॉलीबॉलचें जाळें, कॅरमबोर्ड, मोठी पिशवीभर क्रिकेटचें साहित्य, यांपैकीं कोणतीच वस्तु एकटा माणूस खेळूं शकत नाहीं. जी वस्तु दहाजणांवांचून चालत नाहीं, ती दहाजणांची असणेंच योग्य. जुन्या व्यायामशाळांत मुद्गल, लाठ्या आणि लेझिमी घरोघर नसत. त्या आखाड्याच्या असत, आणि व्यायाम संपल्यावर जागच्या जागीं परत ठेवणें हें व्यायामाचेंच शेवटचें अंग मानलें जाई. चाळीच्या वा सोसायटीच्या कचेरींत एक कपाट, त्याची किल्ली दोन जबाबदार घरांत आणि एक वही, एवढ्यावर दहा खोल्यांतील अडचण दूर होते. घरीं मग उरतें तें ज्याचें त्याचें स्वतःचें साहित्य, म्हणजे बूट, हातमोजे, रॅकेट आणि आवडती बॅट.

या सर्व दक्षतेसाठीं वर्षांत दोन दिवस पुरेसे आहेत, आणि ते पंचांगानेंच नेमून दिले आहेत. एक मृगाच्या आधींचा, जूनच्या पहिल्या आठवड्यांतील. त्या दिवशीं साहित्य पुसावें, तेल द्यावें, चेंडूंची हवा कमी करावी आणि ज्या मुलाचा पाय वाढला त्याचे बूट धाकट्यास वा शेजाऱ्यास द्यावेत. दुसरा दिवस खंडेनवमीचा. पाऊस सरलेला असतो, कारखान्यांत यंत्रें धुऊन पुसून त्यांवर झेंडूच्या माळा चढतात. त्याच सकाळीं घरांतील त्या कोपऱ्यांतूनही सर्व साहित्य बाहेर यावें, मोजलें जावें, तुटलें असेल तें दुरुस्तीस जावें. ज्या हत्यारावर घराचें पोट चालतें त्यास जेवढा मान, त्याच्या शेजारीं मुलांच्या बॅटीसही एक फूल मिळावें. ज्या वस्तूस घरांत मान आणि जागा मिळते, ती मैदानावरही साथ देते. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलास खेळावयास जातांना रिकाम्या हातानें परतावें लागत नाहीं.