उष्णतेची पकड

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. आज तेथे १३० मीटर लांबीचे अखंड रूळ घडविले जातात. असा मोकळा ठेवलेला रूळ ४० अंश सेल्सिअसने तापला, तर त्याची लांबी सुमारे ६२ मिलिमीटरांनी वाढते. ही वाढ डोळ्यांना सहज दिसते. परंतु प्रसरणाचा हाच नियम केसाहूनही सूक्ष्म मापाच्या कामांत उपयोगी पडतो. मोटारीच्या एंजिनात झडपेची नळी बसविणे, हे अशांपैकीच एक काम होय.

एंजिनाच्या शीर्षात झडपा असतात. प्रत्येक झडपेचा दांडा एका आखूड नळीतून वरखाली सरकतो. या नळीला कारागीर ‘गाइड’ म्हणतात. स्पोर्ट्स मोटारीचे एंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते व मिटते. या अखंड घर्षणाने नळी आतून झिजते. मग दांडा डुगडुगू लागतो, झडप आपल्या बैठकीवर नीट टेकत नाही आणि तेल आत झिरपून निळसर धूर निघतो. तप्त झडपेतील काही उष्णता नळीवाटेच शीर्षात जात असते. ती वाट बिघडली, तर झडप जळण्याचाही संभव असतो. म्हणून झिजलेली नळी बदलावीच लागते.

ही नळी शीर्षात आट्यांनी बसविलेली नसते किंवा डाखही दिलेला नसतो. ती केवळ घट्टपणामुळे टिकते. आपल्याकडील लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितो, तेव्हा धावेचा घेर चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. तापविल्याने ती फुगते, चाकावर बसते आणि पाणी ओतताच आवळली जाते. येथेही तत्त्व तेच आहे.

१९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार एक्सके १२० या मोटारीप्रमाणे अनेक स्पोर्ट्स मोटारींच्या एंजिनांची शीर्षे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, तर नळी पुष्कळदा ओतीव लोखंडाची असते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. समजा, शीर्षातील भोक १२ मिलिमीटरांचे असून नळी त्याहून ०.०४ मिलिमीटर जाड आहे. शीर्ष १०० अंशांनी तापविले, तर भोक सुमारे ०.०२८ मिलिमीटरने रुंदावते. नळी घन कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये ठेवून १०० अंशांनी थंड केली, तर ती सुमारे ०.०१३ मिलिमीटरने आकसते. दोन्ही मिळून ०.०४१ मिलिमीटर झाले. अडसर दूर झाला!

मात्र शीर्ष भट्टीत सर्व बाजूंनी सारखे तापवावे लागते. एकाच जागी ज्योत धरल्यास ते वाकते. जुनी नळी काढण्यापूर्वी ती शीर्षाबाहेर किती डोकावते, हे मोजून ठेवतात. नवी नळी सरळ व त्वरेने आत ढकलावी लागते, कारण बारीक नळी काही क्षणांतच तापते आणि अर्ध्या वाटेत अडकते. शीर्ष निवाल्यावर नळीचे अंतर्गत छिद्र आवळले जाते. म्हणून ते रीमरने योग्य मापाचे करतात. त्यानंतर झडपेची बैठकही नव्या नळीच्या अक्षाला धरून घासावी लागते.

तरीही खरी परीक्षा पुढेच असते. ज्या उष्णतेच्या साहाय्याने नळी बसली, तीच उष्णता चालत्या एंजिनात तिची पकड सैल करू पाहते. शीर्ष व नळी दोन्ही १०० अंशांनी तापली, तर शीर्ष अधिक फुगल्याने घट्टपणा सुमारे ०.०१४ मिलिमीटरने घटतो. ०.०४ पैकी ०.०२६ मिलिमीटर उरतो व नळी जागची हलत नाही. आरंभीचा घट्टपणा ०.०१ मिलिमीटरच असता, तर नळी ऐन वेगात सुटली असती. आणि तो फाजील असता, तर शीर्षाला तडा गेला असता. म्हणून येथे हातोड्याच्या बळापेक्षा सूक्ष्ममापीवरील आकड्याला अधिक महत्त्व असते.