गाळलेली 25 अक्षरं

धडधाकट तरुण खेळताना कोसळला की ‘अटॅकनं गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. पण रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही हृदय दगा देतं. 2003 साली फ्रान्समधल्या लिआँच्या मैदानावर कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए असाच कोसळला. वय 28. शवविच्छेदनात निघाली हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होण्याचा विकार. तो साधारण 500 माणसांत एकाला असतो. बहुतेक घराण्यांत आईवडिलांपैकी एकाचं सदोष जनुक प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. 1990 साली हार्वर्डच्या सायडमन दांपत्याच्या गटाने त्यामागचं पहिलं जनुक पकडलं.

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आला. स्नायू आकुंचित करणाऱ्या मायोसिनला लगाम घालणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात, म्हणजे एमवायबीपीसी3मध्ये, डीएनएची 25 अक्षरं गाळलेली होती आणि भारतीय उपखंडातल्या जवळपास 4 टक्के लोकांत हे आढळत होतं. हृदयविकाराशी जोडली गेलेली ही गाळणी सुमारे 33,000 वर्षांपूर्वीची असावी, असा अंदाज. इतकी घातक असून टिकली कशी? त्रास बहुधा मध्यमवयात सुरू होतो आणि तोवर मुलंबाळं झालेली असतात, हे त्याचं उत्तर. सहा कोटी लोकांच्या हृदयात टाइमबॉम्ब, अशा थाटाच्या बातम्या झाल्या.

मग हिशेब बदलला. ही 25 अक्षरं नसलेली कितीतरी माणसं ठणठणीत म्हातारी होतात. नंतरच्या संशोधनात दिसलं की त्याच जनुकात काहींना आणखी एक बदल सोबत मिळालेला असतो आणि धोक्याचा बराचसा भार त्या जोडीदाराचा आहे. म्हणजे केवळ 25 अक्षरांच्या रिपोर्टवरून कुणाला हृदयरोगी ठरवणं चूकच. अमेरिकेतही असंच घडलं होतं. कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास आढळणारे निरुपद्रवी बदल रोगकारक ठरवले गेले, कारण तुलनेला त्यांच्या समाजातली पुरेशी निरोगी माणसंच घेतली नव्हती. हे 2016 साली उघड झालं. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे 10,000 भारतीयांची जनुकीय माहिती गोळा केली, ती म्हणूनच मोलाची वाटते.

उपचारांतली गंमत तर वेगळीच. मायोसिनचा अतिउत्साह आवरणारं मावाकॅम्टेन हे औषध 2022 साली अमेरिकेत मंजूर झालं. जनुकांच्या अभ्यासातून जन्मलेलं, पण देताना रोगाचं जनुक कुठलं हे विचारतच नाहीत. जाड स्नायूमुळे रक्ताची वाट अडते का, हे इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पाहतात. युरोपात मात्र डोस ठरवण्याआधी यकृतातल्या सीवायपी2सी19 या विकराचं जनुक तपासण्याची शिफारस आहे. ते विकर मंद असेल तर औषध शरीरात साचतं आणि हृदयाचा पंपच ढिला पडू शकतो.

घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, किंवा कुणाला हा विकार निघाला असेल, तर आधी भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि इको करून घ्या. जनुकचाचणी शक्यतो रुग्णापासून सुरू करा आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलून करा. पाचसात वर्षांपूर्वीचा रिपोर्ट कपाटात असेल तर तो डॉक्टरांना पुन्हा दाखवा. त्यातल्या ओळीचा अर्थ एव्हाना बदललेला असू शकतो.