स्वरांचे द्वारपाल

गाणाराचा गळा आणि ऐकणाराचा कान यांच्या मधल्या वाटेवर कोणी ना कोणी द्वारपाल पूर्वींपासून उभा आहे. कधीं तो संस्थानिक होता, कधीं नाटक कंपनीचा मालक, कधीं तबकड्या काढणारी कंपनी. द्वारपाल असावा कीं नसावा, हा वाद निष्फळ आहे. परंतु त्यानें अडविलें तर अडविल्याचें सांगावें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र आज आमच्या शहापूर-मुरबाडकडील खेड्यांपर्यंत येऊन पोहोंचला आहे.

प्रथम जुनी हकीकत सांगतों. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें बाजाच्या पेटीस आपलीं दारें बंद केलीं. पेटीचे स्वर ठरीव. सप्तकांत बारा पट्ट्या, त्यांच्या मधल्या श्रुति तिला नाहींत, मींड तिच्यावर घेतां येत नाहीं, आणि शिवाय वाद्य विलायती, असे आक्षेप होते. ते अगदींच पोकळ होते असें संगीत जाणणारा म्हणणार नाहीं. रवींद्रनाथ ठाकुरांनाहि पेटी खपत नसे. पण महाराष्ट्रांत त्या वेळीं पेटीचें स्थान काय होतें? १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हे नाणावलेले पेटीवादक. नाटकगृहांत पेटी, भजनांत पेटी, बैठकींत पेटी. आणि रेडिओवर मात्र तिला मज्जाव! १९७१ सालीं साथीपुरती, आणि तीहि अटींवर, तिला परवानगी मिळाली. टेंबे १९५५ सालींच निवर्तले होते.

दुसरी हकीकत डॉ. बाळकृष्ण केसकर यांची. १९५२ ते १९६२ पर्यंत ते मध्यवर्ती सरकारचे नभोवाणीमंत्री होते. गृहस्थ आपल्यापैकींच, मराठी. शास्त्रीय संगीताचा कैवार घेऊन त्यांनीं सिनेमाचीं गाणीं रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलीं. श्रोत्यांनीं काय केलें? रेडिओची खुंटी पिळून सिलोन लावलें. डिसेंबर १९५२ मध्यें तेथें 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घरोघर बुधवारची वाट पाहिली जाऊं लागली. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारास 'विविध भारती' काढावी लागली.

या दोन्ही बंदी मला पसंत नाहींत. तथापि त्यांच्यांत एक गुण होता: त्या उघड होत्या. हुकूम होता, त्याचें कारण सांगितलें जाई, आणि हुकूम करणाराचें नांव सर्वांस ठाऊक असे. म्हणूनच १९७० सालीं संगीत नाटक अकादमीच्या परिसंवादांत पेटीच्या बाजूनें व विरुद्ध विद्वानांना वाद घालतां आला. खंडन करावयाचें तर आधीं पूर्वपक्ष हवा.

आतां आजचें पाहूं. आटगावच्या आसपासचा माझा एक जुना विद्यार्थी पेटी उत्तम वाजवितो आणि स्वतः रचलेलीं गाणीं म्हणतो. तो कोणत्याहि कंपनीशीं बांधलेला नाहीं. मोबाइलवर मुद्रण करून तो आपलीं गाणीं एका समाजमाध्यमावर टाकीत असे, आणि हजारो लोक तीं ऐकत. पुढें एकाएकीं ती संख्या शे-दोनशेंवर आली. नोटीस नाहीं, ठपका नाहीं. "गुरुजी, गाणें काढून टाकलें असतें तर भांडलों असतों," तो म्हणाला, "तें आहे तेथेंच आहे, फक्त कोणाच्या पुढें येत नाहीं."

आतां, गाणेंच लोकांना रुचलें नसेल, अशी शंका वाचक घेतील. मीहि घेतली. पण निर्णय कशाच्या आधारें करावयाचा? कोणापुढें काय मांडावयाचें हें यंत्रगणित ठरवितें. कोण किती वेळ थांबला, कोणी मध्येंच सोडलें, हें तें मोजतें. परंतु त्याचा संपूर्ण हिशेब गाणारास कधींच मिळत नाहीं. मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, पण एका अटीवर: वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. येथें दिवा दुसऱ्याच्या हातांत आहे.

शिवाय त्या दिव्याच्या तेलाचा दर असतो. स्पॉटिफाय या कंपनीनें १९२० सालीं नव्हे, तर परवां २०२० सालीं अशी योजना जाहीर केली कीं, जो आपल्या मानधनांतील हिस्सा सोडील त्याचें गाणें श्रोत्यांपुढें अधिक सारलें जाईल. २०२४ पासून त्याच कंपनीनें, बारा महिन्यांत १००० वेळां ऐकलें न गेलेल्या गाण्यास कांहींच पैसे द्यावयाचे नाहींत, असें ठरविलें. 'ऐकलें' म्हणजे निदान ३० सेकंद. तीस सेकंदांत आमचा विलंबित ख्याल समेवर तरी येतो काय? तीन मिनिटांच्या तबकडीनें रागाचा संकोच केला अशी पूर्वीं कुरकुर होती. ती तबकडी आतां उदार वाटूं लागली आहे.

दाद मागावी कोठें? आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें मोठ्या माध्यमानें आपण होऊन कांहीं मजकूर काढला, तर कर्त्यास कारण कळविलें पाहिजे व त्यास म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे. २०२३ पासून अपील ऐकणाऱ्या समित्याहि आहेत. पण काढून न टाकतां नुसतें मागें ढकलणें या कलमांत येत नाहीं. युरोपांतील राष्ट्रांच्या संघानें मात्र ही फट ओळखली. फेब्रुवारी २०२४ पासून तेथें पूर्णपणें लागू झालेल्या कायद्यांत, नियमभंगाच्या सबबीवर एखाद्याचा मजकूर लोकांच्या नजरेआड केला तरीहि त्याचें कारण लेखी द्यावें लागतें. आवडीनिवडीच्या नेहमींच्या क्रमवारीस तें कलम लागत नाहीं, हें खरें. तरी आपल्या विधिमंडळींनीं निदान तेवढें तरी उचलावें. मानधनाच्या प्रश्नापेक्षांहि मला हें अधिक निकडीचें वाटतें, कारण अडविल्याचेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो स्वतःच्या गळ्याला दोष देऊन गाणें सोडतो.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें सोडलेलें नाहीं. हरिनाम सप्ताहांत तो साथीला बसतो, आणि उठतांना ऐकणारांचे मोबाइलचे क्रमांक एका वहींत उतरून घेतो; नवें गाणें झालें कीं एकेकास स्वतः पाठवितो. वहीचीं अजून पुष्कळ पानें कोरीं आहेत.