पाणी दळणारा देश

डच भाषेत ‘मालन’ म्हणजे दळणं. गहू, मिरी, कॉफी, सगळ्यांना हेच क्रियापद. एखादा विचार डोक्यात घोळत राहिला, तरी तो ‘मालन’च करत असतो. आणि तळं उपसून त्याच्या तळाची शेती करायची, तर त्याला म्हणतात ‘ड्रोखमालन’, दळून कोरडं करणं.

दळणात पाणी शिरलं ते पवनचक्कीमुळे. 15व्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये पिठाच्या पवनचक्कीचंच तंत्र पाणी उपसायला वापरू लागले. पाती, आस, लाकडी दातेरी चाकं तीच. जात्याच्या जागी पाणी वर ढकलणारं फळ्यांचं चाक आलं. लोकांनी क्रियापद मात्र बदललं नाही.

ते चक्कीहून कितीतरी जुनं, हातानं दळण्याच्या काळातलं. लॅटिनमधलं ‘मोलेरे’ आणि इंग्रजीत पिठाला असलेला ‘मील’ ही त्याची भावंडं. उलट चक्कीसाठीचा डच शब्द ‘मोलन’ उसना आहे. तो उत्तरकालीन लॅटिनमधून आला.

असं एक चाक पाणी जेमतेम दीड मीटर चढवतं. म्हणून खोल तळ्याला चक्क्यांची रांग लावत. एकीनं उचललेलं पाणी दुसरी आणखी वर नेई, शेवटी ते बांधापलीकडच्या कालव्यात पडे. बेमस्टर तळं असंच 1612 मध्ये कोरडं झालं. सुमारे 18,000 हेक्टरचं हार्लेमरमेअर मात्र 1849 ते 1852 या काळात वाफेच्या तीन पंपगृहांनी उपसलं. स्किपोल विमानतळ त्याच तळावर उभा आहे. पंपगृहाला डच म्हणतात ‘खमाल’, तोही ‘मालन’मधूनच निघालेला शब्द.

हे उपसणं थांबवता येत नाही. देशाचा सुमारे 26 टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे. पावसाचं आणि झिरप्याचं पाणी साचतच राहतं. पश्चिमेकडच्या पीट जमिनीत पेच आणखी अवघड. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्याखाली तो टिकतो. पाणी उतरलं की आत हवा शिरते, सूक्ष्मजीव तो कुजवतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जमीन खचते. खचली की पाणी पुन्हा मुळाशी येतं, मग आणखी उपसा. शतकानुशतकांच्या उपशानंच ही जमीन इतकी खाली नेली, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आता काही कुरणांत पाण्याची पातळी मुद्दाम वर ठेवतात. त्यानं खचणं मंदावतं, पण ओल्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो आणि शेतकरी हरकत घेतात.