काळ्या पडद्यावरचा सिंधुदुर्ग

लिनक्स संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर अक्षरांच्या रांगा धावतात. 1987च्या व्हीजीए या दृश्य-मानकाने हा 80 स्तंभ, 25 ओळींचा पडदा 720 गुणिले 400 ठिपक्यांत बसवला. आता लिनक्स सुरू करून देणाऱ्या 'ग्रब' या प्रोग्रामच्या फायलीत जीएफएक्समोड 1024 गुणिले 768 केला की ग्रबच्या पडद्यावरची अक्षरे बारीक होतात, ओळी जास्त मावतात. नंतर 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवायला विसरले, तर मात्र सगळे जैसे थे.

ठिपके वाढवून देवनागरी येत नाही, ही खरी गोम! लिनक्सच्या काळ्या पडद्याच्या फाँटमध्ये जेमतेम 512 आकृत्या मावतात, जोडाक्षरे जुळवण्याची सोय नाही. 'सिंधुदुर्ग'मधला रफार तिथेच अडतो.

डॉसच्या काळात देवनागरी दाखवण्याचे हे काम पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड करी. ते संगणकात बसवले की इंग्रजी प्रोग्रामच्याच पडद्यावर मराठी उमटे.