फोटोतल्या आणि फोटोबाहेरच्या अफगाण स्त्रिया

व्हॉट्सॲपवर एक जोडचित्र अधूनमधून फिरत येतं. डावीकडे 1970 च्या आसपासचं काबूल, स्कर्ट घातलेल्या हसऱ्या विद्यार्थिनी; उजवीकडे निळ्या बुरख्यांची रांग. खाली एक उसासा: 'काय होतं आणि काय झालं!' याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात: 'तो देशच तसला, तिथं बाईला किंमत कधी होती?' या दोन्ही समजांत मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं गळून जातात, आणि जे काही झालं ते बहुतेक त्याच वर्षांत झालं.

आधी 'पहिल्यापासून असंच' हे घेऊ. काबूलमध्ये मुलींची पहिली शाळा 1921 मध्ये निघाली, राणी सोरय्याच्या पुढाकारानं. 1929 मध्ये तिच्या नवऱ्याला, राजा अमानुल्लाला, गादी सोडावी लागली आणि शिकायला तुर्कस्तानात पाठवलेल्या मुलींना परत बोलावलं गेलं. पण पुढे गाडं पुन्हा रुळावर आलं. 1964 च्या राज्यघटनेनं समान हक्क दिले, 1965 च्या निवडणुकीत चौघीजणी संसदेत निवडून गेल्या आणि कुब्रा नूरझाई आरोग्यमंत्री झाल्या. म्हणजे प्रवास सुरू होता, पण संथ. 1979 मध्येसुद्धा लिहितावाचता येणाऱ्या प्रौढ स्त्रिया शंभरात पाचच होत्या. त्या स्कर्टवाल्या मुली काबूलच्या, त्यातही ठरावीक घरांतल्या. बाकीच्या देशात कॅमेरा फारसा पोचलाच नव्हता.

1978 मध्ये सत्ता बळकावलेल्या कम्युनिस्टांनी मुलींच्या लग्नाचं किमान वय सोळा ठरवलं, वधूमूल्याला लगाम घातला, साक्षरता वर्ग सक्तीचे केले. हेतू वाईट नव्हते, पण अंमल बंदुकीच्या धाकानं झाला, आणि 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा घुसल्यावर तर मुलींची शाळा म्हणजे शत्रूची खूण ठरली. सरकारशी लढणाऱ्यांनी शाळा जाळल्या. बाईचं शिक्षण हा युद्धातला मुद्दा झाला तो तेव्हापासून, आणि पुढच्या प्रत्येक राजवटीनं तो आपापल्या सोयीनं वापरला.

'सगळं तालिबाननं बिघडवलं' हा समज म्हणूनच अपुरा आहे. 1992 ते 1996 या काळात काबूलवर रॉकेटं डागली ती कम्युनिस्ट सरकारशी लढलेल्या आणि आता एकमेकांशी भांडणाऱ्या मुजाहिदीन गटांनी. अपहरणं झाली, बलात्कार झाले. अब्रूच्या भीतीनं मुली कोवळ्या वयात उजवल्या गेल्या, अनेक कुटुंबांनी पेशावरची वाट धरली. ही अनागोंदी मोडायला आणि बायकांची अब्रू राखायला आलो, असं सांगतच तालिबान काबूलमध्ये शिरले. त्यांनी काय केलं ते जगानं पाहिलं. मात्र घर उद्ध्वस्त व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं होतं.

युद्धात नवरा गेला की बाई फक्त विधवा होत नाही. अनेक घरांत तिनं दिराशी लग्न करावं अशी अपेक्षा असते, आणि नकार दिला तर मुलं सासरचीच. काबूलच्या एका टेकडीवर अशा विधवांनी 1990 च्या दशकापासून स्वतःची वस्ती उभी केली, झनाबाद. जमीन बेकायदा, त्यामुळे पोलीस येऊन भिंती पाडत. मग बायका रात्री चिखल कालवत आणि अंधारात भिंती रचत. ही टेकडी कुठल्याही जोडचित्रात नसते, हे मला नेहमी खटकतं.

'2001 मध्ये तालिबान हटले आणि त्या मुक्त झाल्या' हेही तसंच अर्धवट. 2004 च्या राज्यघटनेनं संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या 249 पैकी 68 जागा स्त्रियांसाठी राखल्या. 2009 मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदा अध्यक्षांच्या हुकमानं आला; 2013 मध्ये तो संसदेपुढे मांडला गेला तेव्हा पुराणमतवादी सदस्यांनी चर्चा काही मिनिटांत गुंडाळायला लावली. हेलमंदसारख्या प्रांतांतल्या खेड्यांत तर मुक्ती म्हणजे बॉम्बहल्ले, रात्रीच्या धाडी आणि रस्त्यात पेरलेले सुरुंग. एक बदल मात्र खोलवर झाला. गावोगावच्या तरुणींना सुईणीचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळालं. 2002 च्या सुमारास लाखभर जिवंत जन्मांमागे सुमारे 1,600 माता दगावत. 2020 पर्यंत हा आकडा 620 च्या आसपास आला.

'त्यांचा धर्मच असं सांगतो' हे तर ठासून म्हटलं जातं. पुन्हा सत्तेवर आलेल्या तालिबाननं डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठांची दारं मुलींना बंद केली, तेव्हा कैरोच्या अल-अझहर या इस्लामी धर्मपीठाचे प्रमुख अहमद अल-तय्यब यांनी ही बंदी शरियतविरोधी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तालिबानचेच उपपरराष्ट्रमंत्री शेर अब्बास स्तानिकझई जानेवारी 2025 मध्ये या बंदीविरुद्ध उघड बोलले. लवकरच त्यांनी देश सोडल्याच्या बातम्या आल्या. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेत एकही स्त्री पत्रकार नव्हती. गदारोळ झाल्यावर दोनच दिवसांत दुसरी परिषद घेतली गेली, त्यात स्त्रिया पुढच्या रांगेत बसल्या आणि मुलींच्या शाळांबद्दल त्यांनी थेट विचारलं. मुत्तकींचं उत्तर असं होतं की आम्ही मुलींचं शिक्षण हराम ठरवलेलं नाही, पुढच्या आदेशापर्यंत ते थांबवलं आहे. थोडक्यात, हा शास्त्राचा नव्हे, हुकमाचा मामला आहे.

राहिला शेवटचा समज: 'आता निदान युद्ध तरी संपलं.' बॉम्बहल्ले पुष्कळ कमी झाले, हे खरं, आणि खेड्यातल्या बाईला त्याचं मोल आपल्याहून जास्त कळतं. पण रस्ता सुरक्षित झाला तेव्हा त्यावरून एकटीनं जायची मुभा गेली. 72 किलोमीटरपुढच्या प्रवासाला नवरा, बाप, भाऊ असा महरम हवा. ज्या घरातले पुरुष युद्धानंच नेले, तिथं महरम आणायचा कुठून? अनेक भागांत पुरुष डॉक्टरनं बाईला तपासणं घरच्यांना चालत नाही, म्हणजे स्त्री डॉक्टर आणि सुईणी हव्यातच. त्या घडवणाऱ्या संस्थांतले नर्सिंग आणि सुईणीचे वर्ग डिसेंबर 2024 मध्ये मुलींना बंद झाले. सहावीपुढची शाळा तर 2021 पासूनच नाही. आज प्रसूती करणाऱ्या सुईणी ते वर्ग बंद होण्याआधीच्या तुकड्यांतल्या आहेत.